पॅड धरता येतात का? मग बॉक्सिंग शिकवा

प्रश्न असा आला आहे: ‘मी नाशिकला जिममध्ये ट्रेनर आहे. कॉलेजात असताना थोडं बॉक्सिंग खेळलोय, मोठ्या स्पर्धा नाहीत. आता घरी जाऊन शिकवायची कामं मिळायला लागली आहेत आणि दर दुसरा क्लायंट म्हणतो, सर, बॉक्सिंग घ्या ना. बहुतेक जण पस्तिशी-पन्नाशीतले, ऑफिसवाले. सुरुवात कुठून करू? किती शिकवू? स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर लढायचा सराव, घ्यायचं का? सामान काय लागेल?’

तुम्ही स्वतः किती चांगलं मारता, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. क्लबमधल्या कोचकडे रिंग असते, बॅगा टांगलेल्या असतात, बरोबरीची दहा-पंधरा पोरं असतात. नवा मुलगा निम्मं तर बघूनच शिकतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा गच्चीवर एकट्याला शिकवताना यातलं काहीच नसतं. क्लायंटसमोर असतात फक्त तुमच्या हातातले, पंच झेलायचे दोन पॅड. त्याचं मनगट सरळ राहील की मुडपेल, खांदा किती ताणला जाईल, हात परत गालाशी येईल की कमरेशी लोंबकळेल, हे बरंचसं तुम्ही पॅड कुठे आणि कसे धरता यावर ठरतं. जिममधून या कामाकडे वळलेल्या बहुतेकांना मारता येतं. धरता येत नाही. म्हणून तुमच्या ‘कुठून सुरुवात करू’ला माझं उत्तर आहे: पॅड धरायला शिकण्यापासून. क्लायंट त्यानंतर.

नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे ट्रेनर हात फैलावून उभा, एक पॅड एकीकडे, दुसरा दुसरीकडे, आणि क्लायंट जणू दोन वेगळ्या माणसांना मारतोय. समोरच्याला डोकं एकच असतं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) आणि क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) यांसाठी दोन्ही पॅड जवळजवळ ठेवा, मध्ये फार तर वीतभर जागा. उंची त्याच्या हनुवटीची, तुमच्या नव्हे. तुम्ही सहा फुटी आणि समोरच्या ताई पाच फुटी असतील तर गुडघे तुम्ही वाकवायचे. तुमच्या सोयीच्या उंचीवर पॅड धरलात तर त्या तासभर वरच्या दिशेने मारत राहतील आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतोय म्हणून मेसेज येईल. पॅडच्या थेट मागे स्वतःचं तोंड ठेवू नका. नवशिक्याचे पंच हुकतात आणि हुकलेला क्रॉस सरळ नाकावर येतो.

आता पंच ‘घेणं’. तो येऊन भिडतो त्या क्षणी पॅड दोन-तीन इंच पुढे यायला हवा, त्याहून जास्त नाही. काही जण टाळी दिल्यासारखा पॅड पंचावर आपटतात. आवाज जोरदार येतो, क्लायंट खूश होतो, पण तो दणका त्याच्या मनगटाने आणि खांद्याने सोसलेला असतो. काही जण उलट, लागेल या भीतीने ऐनवेळी पॅड मागे घेतात. मग पंच हवेत पुढे जातो आणि कोपर एकदम सरळ होऊन झटका बसतो. ज्यांचं कोपर मुळातच थोडं उलट्या बाजूला वाकतं त्यांना हे फार लवकर बाधतं, आणि बायकांमध्ये अशी कोपरं बरीच दिसतात. पंच पोचताना कोपर नावापुरतं का होईना वाकलेलं राहील इतक्या अंतरावर उभं राहणं, ही जबाबदारी तुमची. क्लायंटला अजून अंतर कळत नसतं.

हुकसाठी, म्हणजे बाजूने येणाऱ्या पंचासाठी, पॅडचं तोंड आतल्या बाजूला वळवायचं, त्याच्या कानाच्या उंचीवर, आणि तुमचं कोपर बरगडीजवळ टेकवून. हात लांब ठेवून हुक घेतलात तर तुमच्याच खांद्याचा बोऱ्या वाजेल. अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या पंचाला, पॅडचं तोंड खाली, आणि जड हाताचा माणूस असेल तर वरून दुसऱ्या हाताचा आधार. पोटावरचे पंच पॅडवर घेऊ नका, त्यासाठी तुमच्या पोटावर बांधायचा बेली प्रोटेक्टर असतो.

पॅड हे मारायचं साधन आहे तसंच बोलायचंही. क्लायंटने ‘एक-दोन’ (जॅब आणि लगेच क्रॉस) मारलं की लगेच रिकामा पॅड हळू त्याच्या कानाकडे न्या. हात गालाशी परत आलेला असेल तर पॅड ग्लोव्हला लागेल. नसेल तर कानाला अलगद टेकेल. ‘हात वर, हात वर’ असं ओरडण्यापेक्षा हा स्पर्श लवकर शिकवतो. हळू म्हणजे खरंच हळू. त्याच्या डोक्याला दणका देऊन धडा शिकवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही.

आकडे जगभर बहुतेक ठिकाणी सारखेच चालतात: एक जॅब, दोन क्रॉस, तीन पुढच्या हाताचा हुक, चार मागच्या हाताचा हुक, पाच आणि सहा अपरकट. तेच ठेवा, क्लायंट उद्या दुसऱ्या कोचकडे किंवा दुसऱ्या गावी गेला तरी अडणार नाही. पण आकडा ओरडून लगेच पॅड पुढे केला तर त्याला विचार करावाच लागत नाही. काही राउंड गप्प राहा आणि फक्त पॅड दाखवा. दिसला की मार, नाही दिसला तर पाय हलव. या खेळातली खरी मजा तिथून सुरू होते. इन्स्टाग्रामवर बारा-चौदा पंचांची फटाफट माळ दिसते ना, ती बहुतांशी पाठांतर असते. बघायला छान, शिकायला फारशी उपयोगी नाही. क्लायंट रील दाखवून ‘सर, असं करू या’ म्हणेल. महिन्यातून एकदा करा, व्हिडिओ काढू द्या, आणि परत जॅबवर या.

हे पॅड शिकायचे कुठे? तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या बॉक्सिंग क्लबमध्ये संध्याकाळी जा, कोचना रीतसर विचारा, आणि ज्युनिअर मुलांना पॅड धरायला उभे राहा. फुकट राबायची तयारी ठेवा. रीतसर शिक्षण हवं असेल तर पतियाळाच्या एनआयएसमध्ये (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत) बॉक्सिंगचा कोचिंग डिप्लोमा आहे. वीकेंडला दोन दिवसांत ‘सर्टिफाइड बॉक्सिंग कोच’ करून देणारे बरेच भेटतील. ते सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक आहे.

क्लायंटकडे वळू. पहिल्या भेटीत ग्लोव्हज पिशवीतून काढूच नका. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, मान-पाठीचं दुखणं, जुनी फ्रॅक्चरं, डोळ्यांचं ऑपरेशन, सुरू असलेली औषधं, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. डोळ्यांबद्दल जिममध्ये सहसा कोणी विचारत नाही. पण मोठ्या मायनस नंबरचा चष्मा, पडद्याचा त्रास किंवा मधुमेहामुळे डोळ्यांवर झालेला परिणाम असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय दोरीच्या उड्याही नकोत. मधुमेहींमध्ये फ्रोझन शोल्डर बरंच आढळतं. ‘थोडा खांदा आखडलाय’ असं ते सहज सांगतात आणि तुम्ही हुक शिकवायला जाता. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बॅगेत ग्लुकोज पावडर ठेवा आणि उपाशीपोटी सेशन घेऊ नका. आणि सीपीआर शिकून घ्या. पन्नाशीतल्या माणसाची धाप वाढवणं हा तुमचा धंदा असेल तर सीपीआर येत नाही, हे चालणार नाही.

पहिले दोन आठवडे पाय आणि जॅब. क्लायंट कुरकुरेल, कारण तो मारायला आलेला असतो. त्याला मारू द्या, पण फक्त जॅब. स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, शिकवायला क्लबहाउसची दोन फुटी टाइल फार कामाची. उजवा हात चालणारा असेल तर डावं पाऊल टाइलच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याच्या आत, उजवं पाऊल मागच्या उजव्या कोपऱ्याच्या आत, मागची टाच कागद सरकेल इतकी उचललेली. दोन्ही पावलं एका रेषेत आली की माणूस डोलायला लागतो. टाइलच्या रेघा त्याला स्वतःलाच दिसतात, सांगावं लागत नाही. डावखुऱ्याला उलट. मग सरकायचं: पुढे जाताना पुढचं पाऊल आधी, मागे येताना मागचं आधी, डावीकडे डावं, उजवीकडे उजवं. पावलं एकमेकांना भिडायची नाहीत, एकमेकांवरून जायची तर नाहीतच. एक टाइल पुढे, एक मागे, एक बाजूला. दहा मिनिटांत ऑफिसवाल्याच्या पोटऱ्या बोलायला लागतात.

जॅब गालापासून निघतो आणि त्याच वाटेने गालाशी परत येतो. शेवटच्या टप्प्यात मूठ आडवी होते, खांदा हनुवटीपर्यंत चढतो, कोपर बाहेर फाकत नाही. नवशिक्याचं कोपर पंचाच्या आधी बाहेर जातं. त्याला भिंतीला खांदा लागेल इतकं जवळ उभं करा आणि भिंतीकडच्या हाताने जॅब मारायला सांगा. कोपर फाकलं की भिंतीला लागेल. झालं, तुमचं बोलणं वाचलं.

क्रॉसला जिममध्ये मुरलेली माणसं जास्त वेळ घेतात. छातीचा व्यायाम वर्षानुवर्षं केलेला एक बँकेतला अधिकारी माझ्याकडे येतो. ताकद भरपूर, पण सुरुवातीला त्याचा क्रॉस बॅगेला लागला की बॅग झोपाळ्यासारखी लांब जायची. तो मारत नव्हता, ढकलत होता. नीट बसलेल्या पंचाने बॅग जागच्या जागी दचकते आणि आवाज आखूड येतो. त्याला हाताबद्दल एक शब्दही सांगितला नाही. मागच्या पायाची टाच बाहेर फिरव, कंबर फिरव, हात आपोआप जाईल, एवढंच. एका संध्याकाळी बॅगेचा आवाज बदलला तेव्हा त्यानेच वळून पाहिलं. ताकद जमिनीतून येते हे वाक्य सगळेच ऐकवतात. त्या आवाजाने ते पटतं.

हुक चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर. पुढचं पाऊल न फिरवता कंबर फिरवली तर पीळ गुडघ्यावर येतो, आणि कोपर मुठीच्या खाली राहिलं तर खांद्यावर. अपरकट त्याच्याही नंतर, घाई नाही. वर्षभर फक्त जॅब, क्रॉस आणि एक हुक नीट मारणारा क्लायंट सहाही पंच वेडेवाकडे मारणाऱ्यापेक्षा जास्त घाम गाळतो आणि कमी दुखावतो.

श्वास विसरू नका. दर पंचाला दातांतून ‘श्श’ करून छोटा श्वास सोडायचा. नवा माणूस श्वास धरून पाच-सहा पंच मारतो आणि मग फुटल्यासारखा धापा टाकतो. श्वास रोखून जोर लावला की बीपी झर्रकन चढतं. बीपीवाल्याच्या बाबतीत मी ‘श्श’ ऐकू आलं नाही तर पॅड खाली घेतो. आणि आरशासमोर हवेत पंच मारताना पूर्ण जोर नको. अडवणारं काही नसतं, सगळा झटका कोपरावर येतो. शॅडो बॉक्सिंग निम्म्या वेगाने, पायांकडे लक्ष देऊन.

राउंडचा हिशोब: तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट विश्रांती ही रीत १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे आणि आजही हौशी सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडचाच असतो. म्हणजे ऑलिंपिकमध्ये पोचलेला बॉक्सरही एका लढतीत नऊ मिनिटं लढतो. तुमच्या क्लायंटला पहिल्याच आठवड्यात बारा राउंड द्यायची हौस कशाला? दोन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, असे चार राउंड. महिन्याभरात सहा, मग हळूहळू तीन मिनिटांवर. हृदयाच्या ठोक्यांसाठी २२० वजा वय हा अंदाज सगळ्यांना पाठ असतो. पंचेचाळिशीच्या माणसाला १७५ कमाल, त्याच्या ८५ टक्के म्हणजे साधारण १४९. पण तो ढोबळ अंदाज आहे, आणि बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाचं एक औषध) घेणाऱ्याच्या घड्याळावरचा आकडा फसवा असतो. औषधच ठोके वाढू देत नाही. साधी खूण बरी: विश्रांतीचं मिनिट संपताना त्याला एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचा राउंड फक्त चालत.

दोरी सगळ्यांना नाही. नव्वद किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी दोरी देणं म्हणजे गुडघ्यांना आमंत्रण. त्याला जागच्या जागी बॉक्सिंगची पावलं टाकू द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिकवत असाल तर खालच्या मजल्यावरचेही तुमचे आभार मानतील.

स्पॅरिंगचं विचारलंत. नाही. रिंग नाही, डॉक्टर नाही, दुसऱ्या दिवशी त्याला ऑफिस आहे, आणि डोक्याला बसलेला मार दिसत नाही. ‘हेडगार्ड घालू ना’ हे उत्तर ऐकू येईल. हेडगार्डने कापलं-खरचटलं जात नाही; आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या लढती हेडगार्डशिवायच झाल्या. ते लोक आयुष्यभर सराव केलेले होते, हेही क्लायंटला सांगा. बदली म्हणून खांद्याला-गुडघ्याला टपली मारायचा खेळ घ्या. समोरासमोर स्टान्स, उघड्या हाताने खांदा किंवा गुडघा शिवायचा, दुसऱ्याने पायांनी चुकवायचं. पन्नाशीतले साहेब त्यात शाळेतल्या पोरांसारखे हसतात आणि अंतर, नजर, पाय सगळं शिकतात. एखादा खरंच लढायचं म्हणत असेल, विशेषतः कॉलेजातली मुलगी किंवा मुलगा, तर त्याला आपल्याकडे अडवून न ठेवता जिल्हा संघटनेच्या क्लबमध्ये नेऊन सोडा. विजेंदर सिंगने २००८ला बीजिंगमध्ये आणि मेरी कोमने २०१२ला लंडनमध्ये पदक आणल्यापासून मुलींसकट बरेच जण विचारायला येतात. त्यांची जागा क्लबहाउसमध्ये नाही.

उलट साठीच्या पुढचे क्लायंट टाळू नका. पार्किन्सन असलेल्यांसाठी कोणालाही न मारता बॉक्सिंगचे व्यायाम घेण्याचा उपक्रम अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६मध्ये ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ नावाने सुरू झाला. पावलं टाकणं, कंबर वळवणं, मोठ्याने आकडे म्हणणं हे त्यांच्या उपयोगाचं आहे. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून, मागे भक्कम खुर्ची ठेवून, आणि शेजारी घरचं माणूस उभं करूनच घ्या.

स्त्री क्लायंट असतील तर कंबर किंवा खांदा हाताने धरून सुधारणा करू नका. पॅडच्या कडेने दाखवा, आरसा वापरा, आणि हात लावायची वेळ आलीच तर आधी विचारा. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घेतलं की दोघांनाही सोपं जातं.

बॉक्सिंगच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम ठेवाच. दिवसभर लॅपटॉपवर वाकलेला माणूस पुढे झुकलेला असतो आणि पंचही पुढेच जातात. म्हणून ढकलण्याच्या एका व्यायामामागे ओढण्याचे दोन: रबर बँडने रोइंग, फेस पुल (बँड चेहऱ्याकडे ओढणं). पोट कमी करायला आलेल्याला जेवणाचं सांगा, नाहीतर तो बॉक्सिंगला नावं ठेवेल. आणि तुमच्याही खांद्यांचा विचार करा. दिवसात पॅडचे किती तास घ्यायचे हे आधी ठरवा. फी वाढवता येते, कोपर नवीन मिळत नाही.

सामान थोडंच लागतं. प्रत्येकाला स्वतःचे १८० इंची, म्हणजे साडेचार मीटरचे, थोडे ताणणारे हँड रॅप दोन जोड. आखूड रॅप मनगटावरच संपतात. बांधताना बोटं फाकलेली, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन, मग बोटांच्या मधून, अंगठा धरून परत मनगटावर. बांधून झाल्यावर मूठ आवळायला सांगा: आवळली की घट्ट, सोडली की सैल वाटलं पाहिजे, बोटं निळी पडता कामा नयेत. पंच तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवर बसायला हवा. करंगळीकडच्या बाजूने बसला तर तिथलं तळहाताचं हाड मोडतं, आणि त्या फ्रॅक्चरला बॉक्सरचंच नाव आहे.

ग्लोव्हज ट्रेनिंगला वेलक्रोचे. साठ किलोपर्यंत १२ औंस, त्यापुढे १४, ऐंशीच्या वर १६. जालंधर-मेरठला बनलेले मधल्या किमतीचे चालतात. चिंधीसारखे मऊ पडले की बदला. क्लायंटला स्वतःचे घ्यायला लावा, एकाचा घाम दुसऱ्याच्या हाताला नको. पॅड मात्र स्वस्तातले घेऊ नका. आतून वळलेले, मनगटाला पट्टा असलेले, आणि जड हाताच्या लोकांसाठी एक जाड जोडी वेगळी. पावसाळ्यात सगळं उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला. ओले ग्लोव्हज गाडीच्या डिकीत राहिले तर चार दिवसांत बुरशी धरतात आणि मग कितीही स्प्रे मारला तरी वास जात नाही. टायमरचं अॅप मोबाइलवर फुकट मिळतं. फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर राउंडच्या मध्ये क्लायंटच्या आधी तुमचंच लक्ष उडतं.